आयशीच्या तोंडचं नाव

महाडजवळच्या नाते गावाच्या वरच्या अंगाला सतरा घरांची कातकरवाडी आहे. त्यातलं अगदी शेवटचं, कुडाचं घर तुळजाबाईचं. बाई उंच, हाडापेरानं थोराड आणि तोंडाची फटकळ. डोक्यावर लाकडाचा भारा असला तरी समोरून येणाऱ्या गड्याला वाट देणार नाही. गडीच बाजूला व्हायचा आणि वर तिचे चार शब्द ऐकून घ्यायचा. अशा बाईच्या तोंडून एक नाव निघेना म्हणून तिची पोर पाच महिने सरकारात अडकून पडली, हे कुणाला सांगितलं तर हसेल. पण झालं ते तसंच.

त्या वाडीवर एक रीत आहे. पोर सारखं आजारी पडायला लागलं, खाल्लेलं अंगी लागेनासं झालं, की भगत बघतो आणि सांगतो, याला नाव मानवत नाय. मग घरातल्या कुणा मेलेल्या माणसाचं नाव पोराला देतात. जुनं नाव मूठभर तांदळात पुटपुटायचं आणि ते तांदूळ ओढ्याच्या वाहत्या पाण्यात सोडायचे. त्यानंतर जुनं नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून गेलं तर एक वेळ चालतं. आयशीच्या तोंडून जाता कामा नये. पहिली हाक आयशीनं मारलेली असते ना. तीच हाक परत कानावर पडली की पाण्यात सोडलेलं दुखणं वाट धरून घरी येतं.

तुळजाबाईला हे कुणी समजावायला नको होतं. तिची थोरली पोरगी अंगावर पीत असतानाच गेली. दुसरा मुलगा. तो चार वर्षांचा असताना नाव बदलून धाकू ठेवलं आणि पोर टणटणीत झालं. पुढं एक दिवस ती गांधारी नदीच्या काठाला धुणं आपटत होती आणि धाकू खेकडे बघत बघत डोहाकडे सरकला. तिच्या तोंडून हाक सुटली ती जुन्या नावाची. पोर वळलं, बाहेर आलं, बुडायचं वाचलं. नवव्या दिवशी तापानं गेलं. वाडीत तिला कुणी बोल लावला नाही, कारण लावायची गरजच नव्हती. तिचा नवरा महिपती दोन वर्षांनी मध काढताना कड्यावरून पडला. मागं राहिल्या सासू, सून आणि तिसरी पोर.

ही तिसरी पोर पाच वर्षांची झाली त्या पावसाळ्यात तिचं पोट फुगलं आणि हातपाय काड्या झाले. २००२ सालचा तो पावसाळा. पांडू भगतानं तांदूळ मांडले आणि तेच सांगितलं. तुळजाबाईनं पोरीला आपल्या आयशीचं नाव दिलं, भिवरी. जुनं नाव ओढ्यात गेलं. ते काय होतं ते मला ठाऊक आहे, पण इथं लिहीत नाही. लिहून माझं काय बिघडणार नाही; तरी नको.

भिवरी सुधारली. भात झोडून झालं आणि सगळी वाडी दरवर्षीसारखी कोळशाच्या भट्ट्यांवर निघाली, घाट चढून पार कर्नाटकाच्या बाजूला. भट्टीचा धूर नुकत्या उठलेल्या पोरीला सोसणार नाही म्हणून तुळजाबाईनं तिला सासूजवळ ठेवलं आणि आपण गेली. वाडीत राहिली ती चार म्हातारी माणसं आणि कुत्री.

पौषात सासू रानातून खणलेले करांद्याचे कंद विकायला महाडला गेली, नात हाताशी घेऊन. एसटी स्टँडवर तिला भोवळ आली ती उठलीच नाही. लोकांनी दवाखान्यात नेली, तिथं दुसऱ्या दिवशी सरली. पोर स्टँडवर करांद्यांच्या टोपलीपाशी बसून होती. संध्याकाळी पोलीस आले. नाव काय म्हणून विचारलं. नवं नाव जेमतेम चार-पाच महिन्यांचं, जुनं पाच वर्षांचं. खाकी कपड्यांपुढं भेदरलेलं पोर कुठलं सांगणार? जुनं सांगितलंन. बापाचं नाव विचारलं तर म्हणाली, मेला. गाव विचारलं तर म्हणाली, वाडी. आडनाव तिला ठाऊक नव्हतं. मग तिला बालगृहात पाठवलं, एसटीनं चार तासांवर.

वैशाखात तुळजाबाई परत आली तेव्हा कुडाला वाळवी लागलेली आणि चुलीत मांजर व्यालेली. शेजारच्या म्हाताऱ्यांना एवढंच ठाऊक, की दोघी महाडला गेल्या त्या आल्याच नाहीत. ती तशीच कोळशाच्या काळ्या हातांनी महाडला गेली, ती थेट कमरजहाँच्या दारात. कमरजहाँ मोहल्ल्यातली, नवरा कुवेतला, घर मोठं. सासूकडून वर्षानुवर्षं मध आणि करांदे घेणारी. तिनं सगळं सांगितलं. म्हातारीचं कळलं तेव्हा ती दवाखान्यात गेली होती, तोवर मयत उचललेलं होतं आणि पोर पोलिसांकडे. सरकारात आहे म्हणजे जिवंत तरी राहील, असं म्हणून ती गप्प बसली. वाडी रिकामी, निरोप द्यायचा कुणाला? हे सांगताना तिनं वर बघितलं नाही. मग बुरखा घेऊन तीच तुळजाबाईबरोबर एसटीत बसली.

बालगृहाच्या कारकुनानं वही उघडली. भिवरी नावाची मुलगी नाही, तुळजाबाईच्या मुकणे आडनावाचीही नाही. कमरजहाँ तिला नुसती पोरी म्हणायची, दुसरं नाव तिलाही ठाऊक नव्हतं. आत जाऊन मुलं बघायची तर बघता येणार नाहीत, कुणीही उठतो आणि कुठलंही मूल माझं म्हणतो. दोघी फाटकाबाहेर चिंचेखाली बसल्या. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला तिथं अस्मिता भेटली.

अस्मिता महाडच्याच मास्तरांची मुलगी. मुंबईच्या कॉलेजात समाजकार्य शिकत होती आणि शेवटच्या महिन्याच्या कामासाठी त्या बालगृहात आली होती. तिची पुस्तकं समोरच्या माणसाला सेवार्थी म्हणतात. तिनं सेवार्थीचं नीट ऐकून घेतलं, वही चाळली आणि महाड स्टँडवरून पौषात आलेली मुलगी शोधून काढली. पाच-सहा वर्षं, उजव्या भुवईवर खोक. तुळजाबाई झटकन उठली. खोक तीच, चुलीच्या दगडावर पडल्याची. अस्मितानं वहीतलं नाव वाचलं आणि विचारलं, हीच ना?

"भिवरी तिचा नाव," तुळजाबाई म्हणाली.

अस्मितानं परत वहीतलं नाव वाचलं. तुळजाबाईनं परत भिवरीच म्हटलं, तोंड दुसरीकडे करून. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती उठून चिंचेखाली गेली. अस्मितानं त्या दिवशीच्या नोंदीत लिहिलं, 'आईला मुलीचे नाव सांगता येत नाही. नाते संशयास्पद.' ती वाईट पोरगी नव्हती. दिसलं तसं लिहिलंन. पण ती नोंद फाइलीत गेली आणि फाइल समितीपुढं.

मुलांचं काय करायचं ते बाल कल्याण समिती ठरवते. समितीनं अस्मितालाच घर बघून यायला सांगितलं. ती वाडीवर आली तेव्हा उन्हानं लाल झालेली. तुळजाबाईनं तिला घोंगडी अंथरली आणि पाणी दिलं. अस्मितानं घरातले कागद मागितले. रेशन कार्ड नव्हतं, जन्माचा दाखला नव्हता. पोर वाडीवरच जन्मली, सुईण सासू, आणि सासू गेलेली. वाडीनं अंगठे उठवून एक कागद दिला की ही पोर तुळजाबाईची आहे. त्यातसुद्धा पोरीचं नाव भिवरीच. अस्मिता कपाळाला हात लावून बसली. तेव्हा पांडू भगताच्या बायकोनं तिला बाजूला नेऊन सगळी रीत सांगितली, धाकूसकट.

अस्मिता परत येऊन तुळजाबाईसमोर उकिडवी बसली. तिनं समजावलं की धाकूला न्यूमोनिया झाला असेल, पाण्यात भिजला होता, औषध मिळालं असतं तर वाचला असता. तुळजाबाई ऐकत होती. मग अस्मितानं शेवटचं काढलं, "मावशी, बालगृहात रोज सकाळ-संध्याकाळ हजेरी होते. पाच महिने तिला त्याच नावानं हाक मारतात. तिला काही झालंय का? उलट वजन वाढलंय."

"तुमी मारा गो हाक. तुमी तिला जलम नाय दिला," तुळजाबाई म्हणाली. "माज्या जिभेवर एक पोरगा गेलाय. त्या जिभेला तू काय शिकवतंस?"

अस्मितानं पुढं काही शिकवलं नाही. तिनं रात्रभर बसून चार पानं लिहिली की आईनं नाव न घेणं हा नकार नसून रीत आहे, आणि आधीची आपली नोंद चूक आहे.

समिती जूनच्या पहिल्या मंगळवारी बालगृहातल्याच एका खोलीत बसली. मधे अध्यक्ष बाई, वकिली करून निवृत्त झालेल्या. त्यांनी चारही पानं वाचली, कागदावरचे अंगठे बघितले. कमरजहाँनं सांगितलं की मी या पोरीला टोपलीत बसून यायची तेव्हापासून ओळखते. बाईंनी विचारलं, मग पाच महिने कुठं होता? बाई काही दुष्ट नव्हत्या. गेल्या वर्षी एकजण असाच मामा म्हणून मूल घेऊन गेला होता आणि ते मूल पुढं भट्टीवर सापडलं होतं. ही बाईसुद्धा भट्टीवरून आलेली. त्यांनी मुलीला आणायला सांगितलं.

भिवरी आली. केस उवांमुळे पार कापलेले, अंगात निळा फ्रॉक, पायात चप्पल. तुळजाबाईनं तिला आधी ओळखलंच नाही, भुवई बघून ओळखलं. पोर दारापाशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आपल्याला म्हातारीपाशी टाकून आयस गेली, म्हातारीसुद्धा गेली, हे तिच्या लहान डोक्यात काय होऊन बसलं होतं कोण जाणे. शिपाईबाईनं विचारलं, ही तुझी आई का? पोर भिंतीचा पोपडा नखानं उकरत राहिली.

तुळजाबाईनं हाक मारली, भिवरी. पोरीनं मान वळवली नाही. तिनं परत हाक मारली, आवाज चढवून, ज्या आवाजानं वाडीतली कुत्री पळतात त्या आवाजात. खोलीतली सगळी माणसं वळली. पोर पोपडा उकरत होती. त्या नावाला ओ द्यायची सवय तिला लागलीच नव्हती. नाव दिलं आणि आयस भट्टीला गेली.

अध्यक्ष बाईंनी चष्मा काढला. त्या म्हणाल्या, तुमची रीत मी मानते, पण माझ्यासमोर कागद नाही आणि मुलगी ओळख देत नाही. "तिला जे नाव कळतं त्या नावानं एकदा हाक मारा. ती वळली, तुमच्याकडे आली, तर आत्ता घेऊन जा."

कमरजहाँनं तुळजाबाईच्या दंडाला धरलं आणि हळूच म्हणाली, घे ना गो. तुळजाबाईनं तोंड उघडलं. ओठ जुळले. मग तिनं पदर तोंडात कोंबला आणि बाहेर निघून गेली. बाईंनी पुढच्या मंगळवारची तारीख दिली. तोवर झालं नाही तर मुलीचं कुणी नाही असं ठरवून तिला मोठ्या संस्थेकडे पाठवायचं, तिथून ती कुणाकुणाला दत्तक जाते. अस्मितानं हे बाहेर येऊन चिंचेखाली सांगितलं. दत्तक म्हणजे तिचं आडनाव, गाव सगळंच बदलणार का, असं तुळजाबाईनं विचारलं. अस्मिता हो म्हणाली. आणि मला कधीच दिसणार नाय?

त्या आठवड्यात तुळजाबाई जेवली नाही म्हणतात. मी म्हणेन, जेवली असेल थोडी. आठ दिवस न जेवता कुणी नाते गावापासून भावाच्या कापडे गावापर्यंत पायी जाऊन येत नाही. कारण ती गेली होती. आधी पांडू भगताकडे. त्याला म्हणाली, उतारा सांग. पांडू म्हणाला उतारा नाय. तिनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं नाही, त्याच्या दारात बसून शिव्या घातल्या. नाव मानवत नाय म्हणून सांगणारा तू, मग आता तोडगा कुणी सांगायचा, तुज्या बापसानं? पांडूची बायकोसुद्धा नवऱ्याला बोलली. दुसऱ्या दिवशी पांडूनं तांदूळ मांडले, बराच वेळ बसला आणि म्हणाला, एक हाय. पण तुला झेपायचा नाय.

हाक मारायची ती एकदाच. हाक मारली की दुखणं निघतं, पण ते हाक मारणाऱ्या जिभेवर बसून येतं. त्या जिभेची सावली पोरीवर पडू द्यायची नाही. शिवायचं नाही, हातचं खायला घालायचं नाही, एका छपराखाली निजायचं नाही. बारा महिने. दुखण्याला पोर सापडली नाही की ते कंटाळून जिभेवरच मरतं, नाहीतर जिभेच्या धन्याला घेऊन जातं.

म्हणून ती कापड्याला गेली, पोलादपूरच्या पुढं, भाऊ येसाजीच्या वाडीवर. येसाजीला चार पोरं होती, बायको गरवार होती. तुळजाबाईनं त्यांच्या अंगणात उभं राहून सांगितलं, माजी पोर वरीसभर ठेव. येसाजीच्या बायकोनं एवढंच विचारलं की पोर खाते किती. मग म्हणाली, आण.

दुसऱ्या मंगळवारी ती चौघं आली, तुळजाबाई, कमरजहाँ, येसाजी आणि अस्मिता. येसाजीला बाहेर फाटकाशी थांबवलेलं. पोर तशीच भिंतीकडे तोंड करून उभी. अध्यक्ष बाईंनी मानेनं खूण केली.

तुळजाबाई खोलीच्या अगदी दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिनं ते नाव घेतलं. मोठ्यानं नाही. गांधारीवर जशी हाक सुटली होती तशी नाही. हळू, चूल पेटल्यावर सकाळी उठवायला मारतात तशी.

पोर वळली. पाच महिने त्या खोल्यांमधून ते नाव रोज घेतलं जात होतं, पण या आवाजात नाही. तिनं एकदाच बघितलं आणि धावत सुटली, चप्पल मधेच गळाली. आणि तुळजाबाई मागं सरली. खिडकीच्या गजांना पाठ लागली तरी सरत होती. दोन्ही हात पाठीमागं धरलेन. पोर तिच्या लुगड्याला बिलगायला आली तशी तिनं कमरजहाँला ओरडून सांगितलं, "धर तिला, धर गो, मना शिवू देऊ नको."

कमरजहाँनं पोरीला मधल्यामध्ये उचललं. पोर किंचाळायला लागली. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, हे काय चाललंय? आईला मूल नको आहे का? अस्मिता पुढं झाली आणि पहिल्यांदा खोटं बोलली. म्हणाली, आईला ताप आहे, मुलीला लागू नये म्हणून लांब राहतेय. अध्यक्ष बाईंनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग सही केली. कागदावर लिहिलं गेलं की मुलगी आईच्या ताब्यात दिली, प्रकरण बंद.

फाटकाबाहेर येसाजीनं पोरीला खांद्यावर घेतलं. ती अजून ओरडत होती, आये, आये. तुळजाबाई चिंचेच्या पलीकडून चालत होती. उन्हात आपली सावली कुठं पडते ते बघत. पोलादपूरच्या गाडीत ती दोघं बसली. ही पुढच्या गाडीनं निघाली आणि महाडला उतरली.

तिचं ते वर्ष लोकांनी बघितलं आहे. भट्टीवर गेली नाही. भारा विकून आली की कापड्याहून कोण आलंय का ते स्टँडवर विचारायची. पोर खाते का, पोट फुगतं का, एवढंच. मार्गशीर्षात निरोप आला की भिवरीला ताप आहे. तुळजाबाई कापड्याच्या वाडीखालच्या सावरीच्या झाडापर्यंत गेली आणि तिथं तीन दिवस बसून राहिली. वर गेली नाही. येसाजीची बायको तिला भाकर आणून द्यायची आणि म्हणायची, ये गो वर, कोण बघतंय? ही म्हणायची, मी बघतंय ना. चौथ्या दिवशी ताप उतरला. तशीच चालत नात्याला परतली. तिला मधेच स्वतःला ताप आला तेव्हा ती खूश झाल्यासारखी दिसायची, असं पांडूची बायको सांगते. कुणी औषध दिलं तर घेत नसे. तो ताप गेला आणि ती जगली.

पुढच्या जूनमध्ये बारा महिने भरले. दुसऱ्याच दिवशी ती कापड्याला गेली. भिवरी अंगणात येसाजीच्या तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती. केस वाढलेले, दोन दात पडलेले. येसाजीची बायको म्हणाली, बघ कोण आलीय. पोरीनं बघितलं. ओळखलंन, ते तिच्या डोळ्यांत दिसलं. पण उठली नाही. तान्ह्याला आणखी जवळ ओढलंन.

तुळजाबाई तिच्याजवळ जायला निघाली आणि चार हातांवर थांबली. वर्षभर लांब राहून पायांना तेवढंच अंतर ठाऊक झालं होतं. भिवरी म्हणून हाक मारली. आता ती त्या नावाला ओ द्यायची, मामानं सवय लावली होती. ओ म्हणाली आणि तिथंच बसून राहिली.

"तू मना शिवली नायस," पोर म्हणाली. "मी तवा आली होती."

तुळजाबाईला सगळं सांगता आलं असतं. ते सांगायचं तर ते नाव मधे येतं. ती खाली बसली. येसाजीची बायको म्हणाली, घेऊन जा गो आजच, रडेल आणि उगी राहील. तुळजाबाईनं मान हलवली. तिनं तान्ह्याला मागितलं. भिवरीनं जरा विचार केला, मग उठून आली आणि तान्ह्याला तिच्या मांडीवर ठेवून परत आपल्या जागेवर जाऊन बसली. तुळजाबाई त्याला थोपटत राहिली. दिवस मावळल्यावर ती भावाला म्हणाली, मी इथंच पडवीत निजतंय, आठ-पंधरा दिवस लागतील.